व्हॅनगार्डचा मागचा ॲक्सल

फाल्गुनातल्या एका गुरुवारी, गंगेपलीकडच्या खेड्यातून परत येताना, बकुळ पुणतांबेकरची गाडी एका ओढ्याचा चढ चढता चढता बसली. आधी मागून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, मग जात्यात खडा अडकावा तशी करकर झाली, आणि त्यानंतर इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलेना. बकुळनं गियर बदलून पाहिला, मागं घेऊन पाहिली. काही उपयोग नव्हता. ती उतरली, पदर खोचून खाली वाकली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटातून काळं तेल ठिबकत होतं.

शेतातल्या एका माणसानं बैल जुंपले. बैलांनी गाडी पक्क्या रस्त्यापर्यंत ओढली, तिथून एका ट्रकनं दोर बांधून ती बनारसला आणली. बकुळ सगळा वेळ स्टीअरिंग धरून बसली होती. मागच्या सीटवर औषधांची पेटी आणि उकळलेल्या हत्यारांचा डबा खडखडत होता.

बकुळ बायकांच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. वय चाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नव्हतं. दुर्गाघाटावर वडिलांजवळ राहायची. तिथल्या गल्ल्यांत सायकल न्यायची तरी उतरून न्यावी लागते, म्हणून तिची गाडी मैदागिनला एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात उभी असायची. गाडी म्हणजे जुनी व्हॅनगार्ड, पाठीला बाक असलेली, विलायती. युनिव्हर्सिटीतले एक प्रोफेसर गाव सोडून गेले तेव्हा त्यांच्याकडून तिनं ती घेतली होती. दर गुरुवारी ती त्या गाडीतनं पिप्यांच्या, म्हणजे तरत्या पिंपांच्या, पुलावरून रामनगरला उतरायची आणि चकियाच्याही पुढं, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या सिकटी नावाच्या गावी जायची. तिथं एका पडवीत ती आजूबाजूच्या सात-आठ गावांतल्या बायका तपासायची. पोरं गाडीला कछुआ, म्हणजे कासव, म्हणायची, आणि बायका धूळ दिसली की चुलीवरचं उतरवून निघायच्या.

दुसऱ्या दिवशी जगतगंजमध्ये विष्णुच्या गॅरेजात गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. विष्णु बकुळच्याच गल्लीतला. त्याचे वडील आणि आजोबा घाटावर यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचे. विष्णुनं मात्र ऐन मुंजीच्या वयात एका लॉरीचं इंजिन उघडलेलं पाहिलं, आणि त्यानंतर त्याचं मन मंत्रांत रमलं नाही. त्यानं गोळ्याचं झाकण खोललं, आत हात घातला आणि आतल्या दातेरी चक्राचे तीन-चार तुकडे काढून बकुळच्या समोर धरले.

"दाढा पडल्यात, ताई. जबडाच गेलाय."

नवा जबडा कुठं मिळत नव्हता. ही गाडी बनवणं कधीच बंद झालं होतं. विष्णुनं कलकत्त्याला विचारलं, कानपूरला विचारलं, अलाहाबादच्या भंगारवाल्यांकडे स्वतः जाऊन आला. एका ठिकाणी तसला ॲक्सल, म्हणजे गोळ्यासकट मागच्या चाकांचा अख्खा आस, होता, पण त्याचेही दात झिजून सुरीसारखे झाले होते. परत आल्यावर त्यानं सरळ सांगितलं, की गाडी विकून टाका, भंगार म्हणून का होईना कोणी घेईल.

बकुळनं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांपुढं त्या वेळी गाडी नव्हती, फुलमती होती.

फुलमती सिकटीची. अंगानं लहानखुरी, कमरेची हाडं अरुंद. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण अडलं. घरच्यांनी तिला बैलगाडीत घातली, चकियाला आणली, तिथून बसच्या मागच्या बाकावर निजवून बनारसला. बकुळनं पोट उघडून फुलमतीला वाचवलं, पण मूल तोवर गेलेलं होतं. आता ती पुन्हा दिवसांत होती. बकुळनं तिला आणि तिच्या सासूला बजावलं होतं, की या वेळी कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही. चैत्र लागला की मी येईन, तुला गाडीत घालून शहरात नेईन, आणि बाळ होईपर्यंत तू माझ्या वॉर्डात राहशील. एकदा ऑपरेशन झालेल्या पोटावर कळा आल्या आणि बैलगाडीचे धक्के बसले तर आतली शिवण फाटू शकते, हे तिनं सासूला समजेल अशा शब्दांत सांगितलं होतं. सासूनं मान डोलवली होती. बैलगाडीच्या त्या दिवसाबद्दल तिला कोणी सांगायला नको होतं.

दुसरी सोय नव्हती असं नाही, पण प्रत्येक सोयीत काहीतरी अडायचं. सरकारी जीप देवीच्या लसीकरणाला बाहेर होती. टॅक्सीवाल्यांपैकी एक जण मागं एकदा सिकटीला आला होता. ओढ्यातल्या धोंड्यावर त्याच्या गाडीचं पोट फुटलं, तेव्हापासून चकियापुढं यायला कोणी तयार नव्हतं. व्हॅनगार्ड जमिनीपासून उंच होती. ते धोंडे बकुळला एकेक करून पाठ होते.

"विष्णु," ती म्हणाली, "याच गाडीचा ॲक्सल पाहिजे असं कोणी सांगितलंय? दुसऱ्या गाडीचा बसव."

विष्णु हात पुसत होता, तो थांबला. मग म्हणाला की तसं होत नाही.

"होत नाही की तू करत नाहीस?"

तो हत्यारं उचलून दुसऱ्या गाडीकडे गेला.

तो का करत नाही, हे बकुळला ठाऊक होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या जीपला त्यानं ट्रकचा हब, चाक ज्यावर बसतं तो तुंबा, बसवून दिला होता. काम झोकात झालं, ठेकेदार खूश झाला. तिसऱ्या महिन्यात मिर्झापूरच्या रस्त्यावर जीपचं चाक निखळलं आणि गाडी उलटली. ठेकेदाराला काही झालं नाही, पण बच्चालाल ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो बच्चालाल आता जगतगंजच्याच कोपऱ्यावर पानाच्या ठेल्यावर बसायचा. विष्णु रोज सकाळी त्याच्यासमोरून गॅरेज उघडायला यायचा आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोरूनच परत जायचा. बच्चालाल त्याला कधी लागेल असं बोलला नाही. पण त्या दिवसापासून विष्णुनं ज्या गाडीचा पुर्जा त्याच गाडीला, असा नियम करून घेतला होता.

बकुळनं त्याच्या त्या नियमाला नावं ठेवली नाहीत. हात चुकला की काय होतं हे तिलाही माहीत होतं. तिच्या हाताखालीही माणसं गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा हात धुऊन सुरी उचलली होती, कारण पुढची बाई टेबलावर होती. पण हे बोलून दाखवलं तर तो उपदेश झाला असता. तिनं वेगळा रस्ता धरला. रविवारी सकाळी ती धाकट्या भावाला, रत्नाकरला, घेऊन गॅरेजात हजर झाली.

रत्नाकर रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर होता. स्वभावानं शांत, थोडा काटेकोर. तो येताना फूटपट्टी, ओळंबा आणि खडू घेऊन आला होता. त्यानं विष्णुला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. म्हणाला, तुमच्या त्या जीपचा हब का निखळला ते मला आधी सांगा. विष्णु मग एका टायरवर बसून सांगू लागला. वेल्डिंग कुठं केलं होतं, लोखंड कुठलं होतं, बोल्ट किती जाड होते, सगळं. रत्नाकर मधूनमधून विचारत होता. शेवटी दोघांचं एकमत झालं, की ओतीव लोखंडावर वेल्डिंग केलं होतं, ते आतून तडकलेलं होतं, आणि वरून पाहून ते कळायला मार्ग नव्हता.

"पाहायची तजवीज असते," रत्नाकर म्हणाला. "वेल्डिंगवर घासलेट लावायचं, पुसून काढायचं, मग वर खडूची भुकटी. चीर असली तर आतलं घासलेट बाहेर येतं आणि खडूवर काळी रेघ उठते. आम्ही कारखान्यात करतो. तुमच्या इथंही करता येईल."

विष्णुनं ते दोनदा समजावून घेतलं. त्यानंतर तो गाडीखाली शिरला, सुतळीनं मापं घेतली, बाहेर आला आणि बकुळकडे न बघता म्हणाला, "ॲम्बॅसॅडरचा बसेल बहुतेक. रुंदी जवळपास तितकीच आहे. पण ताई, एक शर्त. पहिल्यांदा गाडी मी चालवणार. आणि मला भरोसा वाटला नाही तर सगळं उतरवणार. तेव्हा तुम्ही वाद घालायचा नाही."

बकुळनं कबूल केलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं वडिलांना सांगितलं. वेणीमाधवशास्त्री आयुष्यभर व्याकरण शिकवत आले होते. मोटारीत ते उभ्या जन्मात चार वेळा बसले असतील. मुलीनं नदीपलीकडे एकटीनं जावं हे त्यांना पसंत नव्हतं, आणि ते त्यांनी पूर्वी अनेकदा सांगूनही झालं होतं. या वेळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की त्या बाईला तू येते म्हणून सांगून आलीयेस का. बकुळ हो म्हणाली. "मग झालं तर," ते म्हणाले, आणि ताक वाढायला सांगितलं.

ॲक्सल मिळाला पांडेपूरच्या बाजूला. एका ॲम्बॅसॅडर टॅक्सीचं तोंड ट्रकवर आपटून चेपलं होतं, पण मागचा भाग शाबूत होता. विष्णुनं तो चाकांसकट उचलून आणला. हातानं फिरवून पाहिला, झाकण काढून दात तपासले, घासलेटनं धुतले. आणि मग खरं काम सुरू झालं.

बकुळ हॉस्पिटलातून सुटली की थेट गॅरेजात यायची. सुरुवातीला ती नुसती बघत उभी राहायची. लवकरच विष्णुला तिसरा हात लागतो तेव्हा पुढं व्हायला लागली, आणि मग एक जुनं लुगडं तिथंच खुंटीला राहिलं. जुना ॲक्सल उतरवला तेव्हा गाडीचं मागलं अंग उघडं पडलं. दोन बाजूंना स्प्रिंगचे पाटे तेवढे लोंबत होते. नवा ॲक्सल त्या पाट्यांवर बसायचा, पण पाट्यांवर टेकायच्या त्याच्या बैठका होत्या आत आणि व्हॅनगार्डचे पाटे बाहेर. म्हणजे जुन्या बैठका कापून नव्या जोडणं आलं. इथंच विष्णुचा हात अडायचा. वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि पुन्हा काढून ठेवायचा. पोलाद चांगलं आहे ना, हे त्यानं कानशीनं घासून, ग्राइंडरवर ठिणग्या बघून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. बकुळ जवळच उकिडवी बसून होती. तिनं घाई केली नाही. ऑपरेशनच्या आधी तिची स्वतःचीही अशीच वेळ असायची, आणि त्या वेळी कोणी बोललेलं तिला खपायचं नाही.

शेवटी त्यानं चष्मा चढवला आणि काम संपेपर्यंत काढला नाही.

वेल्डिंग गार झाल्यावर घासलेट लावलं, पुसलं, खडूची भुकटी चोळली. सगळे वाट बघत बसले. दोन बैठकांच्या चार जोडांपैकी तीन पांढरे स्वच्छ राहिले. चौथ्यावर केसासारखी बारीक रेघ उमटली. बकुळनं मनात चैत्रापर्यंतचे दिवस मोजले. विष्णुच्या चेहऱ्यावर मात्र नवलच दिसलं. भीती नाही, एक प्रकारचं समाधान. दिसली म्हणजे धरता येईल. त्यानं ती जोडणी मुळापासून घासून काढली, पुन्हा भरली, पुन्हा खडू लावला. या खेपेला खडू पांढराच राहिला.

होळीचे दिवस मध्ये गेले. मग बाकीची कामं आली, आणि प्रत्येक कामाला आपलं एक अडून बसणं होतं. ब्रेकच्या नळ्यांचे आटे जुळेनात, म्हणून लेथवर मधले तुकडे काढून घ्यावे लागले. हँडब्रेकची तार आखूड पडली. व्हॅनगार्डची चाकं नव्या ॲक्सलच्या बोल्टांवर बसेनात, म्हणून मागं टॅक्सीचीच चाकं ठेवली. इंजिनापासून मागं जाणारा लांब शाफ्ट जास्त लांब ठरला. तो कापून जोडला आणि लेथवर फिरवून सरळ करून घेतला. शाफ्ट बसवायच्या दिवशी बकुळला वॉर्डातून यायला उशीर झाला होता आणि दोघंही घाईत होते. तिनं पुढच्या टोकाला शाफ्ट धरून खाचांच्या नळीत सरकवला, विष्णुनं मागचे बोल्ट आवळले. घोड्यांवर उभ्या गाडीची चाकं फिरवून पाहिली. पहिल्या गियरमध्ये ती निमूटपणे, योग्य बाजूला फिरली. बकुळ हसली. विष्णु हसला नाही, पण त्यानं चहा मागवला.

पहिल्या फेरीला सारनाथच्या रस्त्यावर विष्णु गाडी चालवत होता आणि बकुळ शेजारी बसली होती. आशापूरपर्यंत सगळं ठीक होतं. मोकळा रस्ता लागल्यावर विष्णुनं वेग वाढवला, आणि गाडी थरथरायला लागली. आधी पायाखालच्या पत्र्याला झिणझिण्या आल्या, मग सीटला, मग आरसा इतका हलू लागला की मागचं काही दिसेना. वेग कमी केला की थरथर जायची, वाढवला की परत यायची. विष्णुनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसला.  हात त्यानं गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

तिथूनच तो म्हणाला, "वेल्डिंग ओढलं असणार. ॲक्सल वाकडा झालाय. उद्या उतरवतो सगळं."

बकुळनं वाद घालायचा नाही असं कबूल केलं होतं. तिनं वाद घातला नाही. हळूहळू गाडी गॅरेजात आणली. चैत्र लागायला आला होता, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. ती घरी गेली, पण तिला अन्न गोड लागेना. एखादी बाई तापानं फणफणलेली असते आणि ताप कशाचा ते सापडत नाही, तसं झालं होतं. अशा वेळी ती काय करायची? दुखतं ते अंग हातात घ्यायची आणि मग न दुखणारं, दुसऱ्या बाजूचं अंग तसंच चाचपून बघायची. फरक कुठं आहे तो बोटांना कळायचा.

सकाळी हॉस्पिटलात जायच्या आधी ती गॅरेजात गेली. विष्णु पाने काढून ठेवत होता. ती म्हणाली, उतरवायचं ते उतरव, पण मला आधी थोडा वेळ खाली जाऊ दे. तो बाजूला झाला. बकुळ लुगडं गुंडाळून सतरंजीवर पाठीवर सरकली आणि तो लांब शाफ्ट हातानं सावकाश फिरवत राहिली. शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे असतात, मनगटासारखे सगळीकडे वळणारे, आणि प्रत्येक सांधा एका बेळक्यात धरलेला असतो. तिनं ते बघून घेतले. मग बाहेर आली आणि शेजारीच ब्रेकच्या कामाला आलेली एक ॲम्बॅसॅडर उभी होती, तिच्याखाली शिरली. तिचाही शाफ्ट फिरवला.

"विष्णु, जरा इकडे ये."

तो वाकला.

"या गाडीची दोन्ही बेळकी बघ. पुढचं उभं झालं की मागचंही उभं होतं. पुढचं आडवं, मागचंही आडवं. आता आपल्या गाडीची बघ. पुढचं उभं आहे तेव्हा मागचं आडवं पडतंय."

विष्णु मग रांगत व्हॅनगार्डखाली गेला.  बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"हे मला दिसायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "बेळकी जुळली नाहीत की वेगात गाडी थरथरते, पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी वेल्डिंगच बघत बसलो."

"शाफ्ट मी सरकवला होता. खाचांमध्ये कसाही बसतो, मी घाईत कसाही बसवला. ॲक्सल वाकडा नाहीये. तुझी जोडणी सरळ आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खरं बोलतेय की त्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय, हे तो ताडत असावा. मग त्यानं पाना उचलला. पुढचं टोक बाहेर काढलं, शाफ्ट वळवून दोन्ही बेळकी एका रेषेत आणली आणि पुन्हा सरकवला. या वेळी त्यानं शाफ्टवर आणि नळीवर छिन्नीनं एकेक खूण केली, म्हणजे पुन्हा कुणाची चूक होणार नाही. त्याच संध्याकाळी दोघं परत सारनाथच्या रस्त्याला गेले. आशापूर मागं पडलं. वेग वाढला. आरशात मागची झाडं, सायकलवाले, एक घोड्याचा एक्का, सगळं स्वच्छ दिसत राहिलं. विष्णु तसाच चालवत राहिला, स्तूपापर्यंत गेला, वळला आणि परत आला.  गॅरेजपाशी उतरल्यावर त्यानं चावी तिच्या हातात दिली.

"गुरुवारी मी बरोबर येतो," एवढंच म्हणाला.

चैत्रातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी गाडी पिप्यांच्या पुलावर आली. लोखंडी पिंपं गाडीच्या वजनानं खाली दबत होती आणि फळ्या एकामागून एक खडखडत होत्या. बकुळ चालवत होती. विष्णु शेजारी मान तिरकी करून मागचा आवाज ऐकत होता. रामनगरला त्यानं गाडी थांबवायला लावली आणि उतरून दोन्ही मागच्या चाकांच्या मधल्या तुंब्यांना हात लावून पाहिला, कुठं तापलंय का. चकियाला पुन्हा पाहिलं. ओढ्याशी आले तेव्हा बकुळनं पहिला गियर टाकला आणि त्या धोंड्यांमधून, जिथं मागच्या खेपेला सगळं तुटलं होतं, गाडी तशीच वर नेली. मागलं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कललं आणि सरळ झालं.

सिकटीत धूळ दिसल्याबरोबर पोरं धावली. फुलमती दारातच उभी होती. तिची सासू गाठोडं बांधून तयार होती, पण फुलमतीचा चेहरा पाहूनच बकुळ समजली. पोटावर हात ठेवला. घट्ट होत होतं आणि सैल पडत होतं. पहाटेपासून चाललंय असं सासूनं सांगितलं. बैल जुंपायचे की थांबायचं यावर घरात सकाळपासून वाद झाला होता. डॉक्टरीण येते म्हणाली होती, म्हणून थांबलो, ती म्हणाली.

पडवीत जमलेल्या बाकीच्या बायकांना बकुळनं दोन वाक्यांत सांगितलं की पुढच्या गुरुवारी. कोणी कुरकुरलं नाही. फुलमतीला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं, पायाशी सासू बसली. बकुळलाही मागंच बसणं भाग होतं, म्हणजे नाडी धरता येईल. तिनं चावी विष्णुकडे दिली.

 "मला धोंडे माहीत नाहीत," तो म्हणाला.

"मी सांगते. तू चालव."

तिनं एकेक करून सांगितले. आता डावीकडे, त्या बाभळीच्या आतून. आता हळू. आता सोड. ओढ्यात उतरताना फुलमती कण्हली आणि विष्णुचा पाय ब्रेकवर गेला. "थांबू नकोस," बकुळ म्हणाली, "एका चालीनं जा." तो तसाच गेला. पक्का रस्ता लागल्यावर त्यानं वेग धरला आणि तो रामनगरपर्यंत सोडला नाही. बकुळच्या एका हाताची बोटं फुलमतीच्या मनगटावर होती आणि दुसरा हात पोटावर. नाडी जलद होती पण भरलेली होती. जुन्या वणावर दुखतं का, हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि फुलमती नाही म्हणत होती. गाडीला कंप नव्हता. पुलावर समोरून उसाच्या गाड्या येत होत्या, तेव्हा विष्णुनं खिडकीतून डोकं बाहेर काढून असा आवाज दिला की गाडीवानांनी बैल कडेला घेतले.

दुपारी ऑपरेशन झालं. आत गेल्यावर बकुळला दिसलं, की जुनी शिवण पातळ होऊन पापुद्र्यासारखी झाली होती. अजून थोड्या कळा, अजून थोडे धक्के, आणि ती राहिली नसती.  मुलगी झाली. रडायला तिनं जरा वेळ घेतला, आणि मग थांबायचं नाव घेईना.

बकुळ हात धुऊन बाहेर आली तेव्हा विष्णु हॉस्पिटलच्या आवारात गाडीखाली आडवा होता. तिला फक्त त्याचे पाय दिसत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पाय हलायचे थांबले. बाहेर यायला त्यानं वेळ लावला. आला तेव्हा डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाला. बकुळनं ते मान्य केलं.

"मागचं तेल आता बदलायला पाहिजे," तो म्हणाला. "नव्या जागी बसलेला ॲक्सल पहिल्यांदा थोडं लोखंड सोडतो. सोमवारी गाडी आणा. आणि बोल्ट पुन्हा आवळायचेत सगळे. ते मी दर महिन्याला करणार, तुम्ही विसरलात तरी मी येऊन करणार."

"सोमवारी संध्याकाळी आणते," बकुळ म्हणाली.

त्याला सोडायला ती फाटकापर्यंत गेली. जगतगंजला जायला त्यानं रिक्षा केली नाही, पायीच निघाला. ती वॉर्डात परतली. फुलमती अजून गुंगीत होती. सासू खाटेपाशी फरशीवर बसून मांडीवरच्या नातीकडे बघत होती, आणि कुणी विचारलं नसताना शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, की आमची डॉक्टरीण येते म्हणाली म्हणजे येतेच.